मत्स्यपेटीतील जिवंत वनस्पती आणि एक चुकीचा सल्ला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात घरगुती मत्स्यपेटीविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. माशांची निवड, नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि फिल्टरची निगा यांबद्दल लेखकाने दिलेली माहिती नेमकी आहे आणि त्या भागाचे कात्रण मी काढून ठेवले आहे. जिवंत वनस्पतींच्या वाट्याला मात्र त्यात जेमतेम चार ओळी आल्या आहेत. बाजारातून आणलेली जुडी तळाच्या खड्यांत दोन इंच खोल घट्ट दाबून बसवावी आणि महिन्याभरात कुजल्यास नवी आणावी, असा त्या ओळींचा आशय आहे. गेली अनेक वर्षे घरात पाणवनस्पती वाढवणारा माणूस म्हणून मला असे सांगावेसे वाटते की, महिन्याभरात त्या कुजतात त्या बहुतेक वेळा अशा घट्ट दाबून बसवण्यामुळेच. कुजणे हे जणू त्यांच्या नशिबीच असते असा समज लेखामुळे पसरू नये, म्हणून हे पत्र.

पत्र लिहिण्याला निमित्तही घडले. आमच्या इमारतीतील आठवीतला एक मुलगा लेख वाचून वनस्पती लावून बसला आणि विसाव्या दिवशी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. पिशवीत अ‍ॅन्युबियासचे रोप होते. पाने वरून हिरवीगार, जाड, चकचकीत. पण देठाला बोट लावले की पान अलगद सुटून हातात येत होते. मी खालचे आडवे खोड दोन बोटांत धरून हलकेच दाबले, तर ते शिजलेल्या रताळ्यासारखे दबले आणि सडक्या अंड्याचा वास सुटला. मुलाने काहीही हयगय केली नव्हती. छापून आले होते तितकेच, पट्टीने मोजून, दोन इंच खोल त्याने ते गाडले होते.

हा दोष समजायला अवघड नाही. अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्न या दोन्ही वनस्पतींना आल्यासारखे किंवा हळदीसारखे आडवे खोड असते आणि आपल्याकडे आले-हळद मातीत गाडायची हे लहान मुलालाही ठाऊक असते, त्यामुळे हात आपोआप तेच करतो. पण अ‍ॅन्युबियास ही मूळची पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ओढ्याकाठची वनस्पती असून तिचे खोड दगडांवरून आणि पाण्यात पडलेल्या ओंडक्यांवरून उघड्यावर सरकत जाते. खाली जातात ती फक्त मुळे, आणि त्यांचे मुख्य काम पकड धरण्याचे. आंब्याच्या खोडावर आमरी जशी वाढते, तशीच ही तऱ्हा आहे. हे खोड खड्यांखाली दाबले की त्याच्याभोवतीचे पाणी हलेनासे होते, तिथला प्राणवायू संपतो आणि जिवाणू त्याच्या ऊती मऊ करत नेतात. पानांत साठा असल्यामुळे ती पंधरा-वीस दिवस टवटवीत दिसत राहतात, आणि म्हणूनच आपले नेमके काय चुकले हे माणसाला उमगत नाही.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत आहे असे कोणी समजू नये. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना मी आल्याच्या आडव्या खोडाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याची गणती नाही, आणि तरीही मुंबईहून आणलेले माझे पहिले अ‍ॅन्युबियास मी असेच गाडून मारले होते. रोप हलू लागल्यावर ज्या दुकानातून ते घेतले होते तेथे दूरध्वनी करून विचारले, तेव्हा 'अजून खोल दाबा' असे उत्तर मिळाले आणि मी ते निमूटपणे दाबले.

अशा आडव्या खोडाच्या वनस्पती दगडाला बांधायच्या असतात. आमच्या रत्नागिरीत यासाठी जांभ्यासारखा दुसरा दगड नाही. तो सच्छिद्र असल्याने मुळांना पकड मिळते, त्यात चुना नसल्याने पाण्याचा कठीणपणा वाढत नाही, आणि बांधकामाच्या चिऱ्याचा तुटका तुकडा कोणीही फुकट देतो. मात्र तो तारेच्या ब्रशने घासून, लाल पाणी यायचे थांबेपर्यंत बादलीत बदलत्या पाण्यात भिजवून मगच टाकीत ठेवावा. अन्यथा पहिल्याच दिवशी टाकीचा पावसाळ्यातला ओढा होतो. देशावरच्या वाचकांना काळा पाषाण वापरता येईल. शिवणाच्या साध्या सुती दोऱ्याचे तीन-चार वेढे खोडावरून घेऊन गाठ मारावी, पण दोरा खोडात रुतेल इतका आवळू नये आणि वाढणारे टोक मोकळे ठेवावे. सुती दोरा पाण्यात काही आठवड्यांत विरतो आणि तोवर मुळांनी दगड धरलेला असतो. अ‍ॅन्युबियास फार सावकाश वाढते, तेव्हा दोरा आधीच सुटला तर पुन्हा बांधावा, त्यात बिघडत काही नाही. जावा मॉसची गोष्ट निराळी. मॉस वर्गातील वनस्पती असल्याने त्याला खरी मुळेच नसतात, म्हणून त्यासाठी गळाची बारीक तंगूस बरी; ती कुजत नाही आणि मॉस वाढला की दिसतही नाही. घाई असणाऱ्यांसाठी फेविक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट डिंकही चालतो. खोडाची खालची बाजू आणि दगड टिपकागदाने कोरडे करून एक-दोन थेंब लावावेत व अर्धा मिनिट धरून ठेवावे. पाण्यात गेल्यावर तो पांढरा पडतो, पण माशांना बाधत नाही. हे काम अर्थातच मुलांच्या हाती देऊ नये.

आता लेखातल्या जुडीकडे वळतो. काबोम्बा, रोटाला, हायग्रोफिला, किंवा आपली नीरब्राह्मी, जी दुकानात बॅकोपा या नावाने मिळते, या उभ्या खोडाच्या वनस्पती पाच-सहा काड्या एकत्र करून विकल्या जातात आणि बुडाशी शिशाची पट्टी वा रबरबँड गुंडाळलेले असते. पट्टी असते ती वनस्पती दुकानाच्या टाकीत तरंगू नये म्हणून. घरी आणल्यावर ती तशीच खड्यांत खुपसली, तर शिसे पाण्यात असावे की नसावे हा मुद्दा बाजूला ठेवला तरी, पट्टीखाली चिमटलेल्या काड्या काळ्या पडतात, आतल्या काड्यांच्या पानांना उजेड मिळत नाही आणि आठवड्याभरात जुडी बुडातून तुटून वर येते. तुटून वर येण्याचे कारण पाणवनस्पतींच्या घडणीतच आहे. हायड्रिलाची काडी आडवी कापून भिंगाखाली पाहिली तर तिच्यात हवेच्या पोकळ्यांचे जाळे दिसते. पाण्यात उभे राहायला तिला लाकूड लागत नाही, ही हवाच तिला उभी धरते. पण तीच हवा तिला सतत वर ओढतही असते. दहावीच्या वर्गात उलट्या नरसाळ्याखाली हायड्रिला ठेवून बुडबुडे मोजणाऱ्या आपल्या वाचकांना हे सहज पटेल.

म्हणून जुडी सोडावी, बुडाचा चेंगरलेला भाग कात्रीने कापून टाकावा, खालच्या दोन-तीन पेरांवरची पाने काढावीत आणि एकेक काडी दोन-तीन सेंटिमीटर अंतर राखून वेगळी रोवावी. उसाचे बेणे लावताना जसे डोळ्यांचे पाहतात तसे येथे पेरांचे पाहायचे, कारण मुळे फुटतात ती पेरांपासून. किमान दोन पेरे खड्यांखाली गेली पाहिजेत. लांब चिमट्यात काडीचे टोक धरून ती सरळ खाली न घुसवता तिरपी घालावी आणि चिमटा सैल करून काडी न ओढता बाहेर काढावा. सरळ घातलेली काडी चिमट्याबरोबर परत वर येते, हा अनुभव प्रत्येकाने एकदा घेतलेलाच असतो. आठवडा-दहा दिवसांत पांढरी मुळे दिसू लागतात. सेराटोफायलम या लोकप्रिय वनस्पतीला मात्र मुळे कधीच येत नाहीत. ती रोवण्याचा खटाटोप न करता तरंगत ठेवावी किंवा एखाद्या गोट्याखाली नुसती अडकवावी.

इतके करूनही काड्या सुटून येत असतील, तर खडे मोजावेत. मला वाटते लेखातील सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. दोन फुटी टाकीचा तळ साधारण ६० सेंटिमीटर गुणिले ३० सेंटिमीटर, म्हणजे १८०० चौरस सेंटिमीटर असतो. त्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर ९ लिटर खडे लागतात आणि त्यांचे वजन १३ ते १४ किलो भरते. टाकीसोबत दुकानदार सहसा ५ किलोची एक पिशवी देतो. ती पसरली की थर २ सेंटिमीटरही होत नाही. दोन सेंटिमीटरांच्या थरात दोन इंच खोल वनस्पती बसवायची कशी, हा प्रश्न लेखकाला पडला नाही, वाचकांना मात्र तो पडला असणार! पुढे ५ आणि मागे ७-८ सेंटिमीटर असा उतरता थर असला की मुळांनाही जागा मिळते आणि टाकीही डोळ्यांना खोल वाटते. खड्यांचा आकार २ ते ३ मिलिमीटर असावा. वाटाण्याएवढ्या रंगीत खड्यांत काडी ठरत नाही, आणि मैद्यासारखी बारीक वाळू दबून घट्ट होते व तिच्या खालच्या थरात पुन्हा तोच सडक्या अंड्याचा वास साचतो. पांढरी संगमरवरी खडी घेऊ नये. तिच्यावर लिंबू पिळले तर फेस येतो, आणि तोच चुना हळूहळू पाण्यात उतरत राहतो. याच कारणासाठी आमच्याकडील मंडळींनी भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणण्याचा मोह टाळावा, कारण तिच्यात शिंपल्यांचा चुराही असतो आणि मीठही.

तिसरा प्रकार गुच्छाने वाढणाऱ्या वनस्पतींचा: व्हॅलिस्नेरिया, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, क्रिप्टोकोरीन. यांना खोल मुळे असतात आणि त्यांचे अन्नही मोठ्या प्रमाणात मुळांवाटे येते, म्हणून त्या खड्यांतच लावाव्या लागतात. परंतु पाने जेथून फुटतात तो पांढुरका गाभा वर उघडा राहिला पाहिजे. माझी पद्धत अशी की, मुळे दोन-तीन सेंटिमीटर ठेवून छाटावीत, रोप मुद्दाम जरा जास्त खोल घालावे आणि मग पाने धरून गाभा दिसेपर्यंत हलकेच वर ओढावे. तसे केल्याने मुळे खालच्या दिशेला सरळ होतात. रोप लहान जाळीदार कुंडीत आले असेल, तर कुंडी कापून मुळांभोवतीचा करडा लोकरीसारखा धागा शक्य तितका काढून टाकावा. पूर्ण निघत नाही, पण कुंडीसकट पुरण्यापेक्षा ते बरे. व्हॅलिस्नेरियाबद्दल एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे जो प्रयोग मांडला, त्यात त्यांनी काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि वाळू-मातीत लावलेली व्हॅलिस्नेरिया ठेवली होती. तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी ती खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि भांडे स्थिरावले. घरातील मत्स्यपेटीची कल्पना ज्या प्रयोगांतून रुजली त्यांत वनस्पती होती आणि ती मुळांवर उभी होती, इतकेच यातून ध्यानात घ्यावे. महिन्याला बदलायची शोभेची वस्तू म्हणून ती तेथे नव्हती.

क्रिप्टोकोरीनविषयी वेगळे लिहावे लागेल, कारण तिला लोक जिवंतपणीच फेकून देतात. ही वनस्पती जागा बदलली की रुसते. लावल्यानंतर आठवड्याभरात तिची पाने काचेसारखी पारदर्शक होतात आणि वितळल्यासारखी गळून पडतात. पाहणाऱ्याला ती मेली असे वाटते, आणि 'कुजल्यास बदलावी' हा सल्ला हाताशी असल्यामुळे रोप उपटून कचऱ्यात जाते. वास्तविक मुळे शाबूत असतात. गळलेली पाने काढून टाकावीत, रोपाला मुळीच हात लावू नये आणि तीन-चार आठवडे वाट पाहावी; नवी पाने येतात आणि ती आता पाण्याखालच्या जीवनासाठी घडलेली असतात. पुष्कळ रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असल्यामुळे कमी-अधिक प्रमाणात हा पालट इतर जातींतही होतो. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतील ओढ्यांतही आहेत, आणि साताऱ्याच्या कास पठारावर उमलणारा वायतुरा हीसुद्धा एक पाणवनस्पती आहे. त्या जेथे आहेत तेथेच पाहाव्यात. लागवडीची हौस भागवायला दुकानातली रोपे पुरेशी आहेत.

लागवडीच्या वेळी टाकी काठोकाठ भरलेली नसावी. खडे बुडून वर तीन-चार बोटे पाणी असले की हात मोकळा चालतो. पानांवर अधूनमधून पाणी शिंपडत राहावे. नंतर खड्यांवर स्टीलची ताटली ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी ओतावे. मग्गाभर पाणी थेट ओतले, तर अर्ध्या तासाची लागवड अर्ध्या मिनिटात तरंगू लागते आणि घरातील मंडळींना हसायला निमित्त मिळते. गोल्डफिश असलेल्या टाकीत मुळे धरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, रोपांच्या बुडाशी सुपारीएवढे गोटे रचून ठेवावेत. हा मासा अन्न शोधताना तळ उकरतो आणि नाजूक पाने खातोही. त्याच्यासोबत दगडाला बांधलेले अ‍ॅन्युबियास सर्वांत निभावते. दिवा रोज सात-आठ तास पुरे. अधिक उजेडाने वनस्पतींपेक्षा काचेवरचे शेवाळच वाढते.

छाटणीत निघालेल्या काड्यांबद्दल लेखात काहीच नाही, ते असायला हवे होते. त्या गटारात, विहिरीत किंवा तळ्यात टाकू नयेत. मूळची दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी शोभेची म्हणून जगभर नेली गेली आणि आज पवना, इंद्रायणी, उल्हास या नद्यांवर ती काय करते हे आपल्याच दैनिकात दरवर्षी उन्हाळ्यात छापून येते. काबोम्बाची एक पेरभर काडीही नवे रोप देते. काड्या कडक उन्हात पूर्ण वाळवून कुंडीतल्या खतात घालाव्यात.

आपणास विनंती अशी की, पुरवणीत या विषयावर एक छोटी दुरुस्ती प्रसिद्ध करावी: आडव्या खोडाची वनस्पती बांधावी, जुडी सोडून काड्या सुट्या रोवाव्यात, आणि गुच्छाच्या वनस्पतीचा गाभा उघडा ठेवावा. विक्रेत्यांनीही रोपाबरोबर नाव आणि 'खोड गाडू नये' एवढे लिहिलेली चिठ्ठी दिली तर गिऱ्हाईक तुटणार नाही. ते परत येईल, आणि दुसरी जात मागेल.

एका गोष्टीवर मात्र कितीही काळजीपूर्वक केलेल्या लागवडीचा इलाज चालत नाही. पाण्याखाली जगूच न शकणाऱ्या कुंडीतल्या वनस्पती मत्स्यपेटीसाठी म्हणून सर्रास विकल्या जातात: सिंगोनियम, जांभळ्या पानांचे हेमिग्राफिस, पट्टेदार क्लोरोफायटम. पाण्याबाहेर काढल्यावर पान ताठ उभे राहत असेल, तर आधी शंका घ्यावी. हा नियम काटेकोर नाही, कारण अ‍ॅन्युबियासचे पानही ताठ असते, पण विकत घेण्यापूर्वी नाव विचारण्याइतकी सावधगिरी त्यातून येते. अशी झाडे पाण्यात बुडवल्यावर महिना-दोन महिने तग धरतात, मग कुजतात आणि पाणी नासवतात. आपल्या लेखासोबत छापलेल्या मोठ्या रंगीत छायाचित्रात टाकीच्या मध्यभागी पूर्णपणे बुडालेली जी हिरवी काठ्यांची रांग दिसते, ती ड्रॅसिनाची, म्हणजे लकी बांबूची आहे. दुरुस्ती छापताना छायाचित्राखालची 'जोमाने वाढलेल्या पाणवनस्पती' ही ओळही बदलावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, रत्नागिरी